घटना व्यवस्थापन प्रणालीतील सदोष नोंदी
संगणकीय सेवांतील बिघाडांची नोंद व पाठपुरावा करणाऱ्या आज्ञावलीतील दुबार, अपूर्ण किंवा चुकीच्या माहितीस सदोष नोंदी म्हणतात. एकाच बिघाडाच्या अनेक स्वयंचलित सूचना, तसेच समाप्तीची वेळ न भरता बंद केलेल्या घटना, ही त्यांची सामान्य उदाहरणे होत.

अशा नोंदींमुळे दुरुस्तीच्या सरासरी वेळेचे गणित चुकते. ४ तास चाललेल्या बिघाडाच्या ३ दुबार नोंदी उघडताच बंद केल्यास सरासरी केवळ १ तास दिसते.

शुद्धीकरणापूर्वी विदागाराची प्रत घेतली जाते. दुबार नोंद सहसा पुसून न टाकता मूळ नोंदीशी जोडून बंद करतात, कारण तिच्यातील टिपणे पुढील तपासात उपयोगी पडतात. दोष पुन्हा उद्भवू नये म्हणून आवश्यक रकाने भरणे सक्तीचे केले जाते.