हंसराजाचा उसना डोळा

छत्रपती संभाजीनगरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटरच्या आसपास आणि पायाखाली काळा बेसॉल्ट. अशा मुलखात बारमाही ओली सावली मागणारं एक नाजूक रानरोप सुखाने नांदतं, हे पटतं का? मग या भागातल्या एखाद्या जुन्या बारवेत उतरा. दगडांच्या सांध्यांतून पाणी पाझरतं तिथे काळ्या, चकचकीत, तारेइतक्या बारीक देठांवर हिरवी पानं लोंबताना दिसली, तर तो हंसराज. हा नेचा आहे. त्याला फूल नाही, फळ नाही, बीही नाही.

पण विहिरीतच का? गारवा आणि ओल तर हवीच, पण खरी मेख चुन्यात आहे. हंसराजाला चुना फार मानवतो. जुन्या बांधकामांत दगड चुन्यात बसवलेले असत आणि पाझरणारं पाणी तो चुना थोडा थोडा विरघळवत बाहेर आणतं. 1610 साली निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने इथे खडकी नावाचं शहर वसवलं आणि पुढे जमिनीखालून पाण्याची नहर-ए-अंबरी खेळवली. तहानेपोटी माणसांनी दगडचुन्याचं जे जे बांधलं, त्याच्या ओल्या कपारी या रोपाला आयत्याच मिळाल्या!

त्याचं एक पान पाण्याच्या पेल्यात बुडवून बघा. हिरवं पान चक्क चंदेरी दिसू लागतं. पानाला पाणी चिकटतच नाही, त्यामुळे हवेचा पातळ थर अडकून राहतो आणि तो चमकतो. बाहेर काढलं की पान कोरडं ठणठणीत. सतत ठिबकणाऱ्या भिंतीवर राहायचं तर पान भिजून कसं चालेल?

आता अंधाराचा प्रश्न. विहिरीच्या तळाशी किंवा दाट झाडीखाली उजेड पोचतोच किती? वरची पानं लाल आणि निळा प्रकाश आधीच गिळून बसलेली असतात. वनस्पतींकडे लाल प्रकाश ओळखणारं एक प्रथिन असतं आणि निळा ओळखणारं दुसरं. 1998 साली जपानमधल्या संशोधकांना याच हंसराजात एक चमत्कारिक प्रथिन सापडलं. या दोन्ही प्रथिनांचे भाग त्यात एकाच साखळीत जोडलेले होते. त्याला आज निओक्रोम म्हणतात. त्याच्या जोरावर हंसराज अगदी मंद लाल उजेडाकडेही वळतो. पेशींतले हिरवे कणसुद्धा या प्रथिनाचा इशारा मिळताच जागा बदलतात. उन्हाळ्यात आपण सावली सरकेल तशी बाज सरकवतो, तसे हे कण मंद उजेडात पुढे येऊन पसरतात आणि प्रखर ऊन पडलं की पेशीच्या कडेला जाऊन उभे राहतात.

हे प्रथिन नेच्यांना मिळालं कुठून? याचं उत्तर 2014 साली आलं, आणि ते वाचून मी थक्क झालो. ते नेच्यांचं स्वतःचं नाहीच! पावसाळ्यात ओल्या मातीवर उगवणारी, शेवाळाची दूरची नातलग असलेली हॉर्नवर्ट नावाची एक वनस्पती आहे. हे प्रथिन घडवणारं तिचं जनुक कधीतरी, अंदाजे 18 कोटी वर्षांपूर्वी, नेच्यांच्या पूर्वजात शिरलं. आईबापाकडून नव्हे, थेट परक्या कुळातून. पुढे फुलझाडांच्या जंगलांनी जमिनीवर गडद सावली धरली, तेव्हा त्या सावलीत नेच्यांच्या नव्या जाती भराभर फुटल्या. हा उसना डोळा त्यांच्या कामी आला असावा, असं संशोधकांना वाटतं.

बी नाही, तर मग वंश कसा चालतो? पान उलटं करा. कडेला इथे तिथे पान आत दुमडलेलं दिसेल. त्या घडीच्या आतल्या बाजूला तपकिरी पिशव्या असतात. पिशवीचा कणा वाळताना मागे वाकत जातो, एका क्षणी ताण सुटतो आणि ती गोफणीसारखी पुढे झेपावून बीजाणू भिरकावते. म्हणून पिकलेलं पान कागदाच्या घडीत ठेवलं, की एकदोन दिवसांत आत तपकिरी धूळ पडलेली असते.

या धुळीतून हंसराज उगवत नाही. उगवतं ते नखाहून लहान, बदामाच्या आकाराचं, बहुतांशी एकाच पेशीच्या जाडीचं हिरवं पातं. त्याच्या पेशीत 30 गुणसूत्रं, तर हंसराजाच्या पेशीत 60. म्हणजे एकाच जातीची दोन वेगवेगळी रोपं, दोन स्वतंत्र आयुष्यं! पात्याच्या पोटाशी नर आणि मादी पेशी तयार होतात. पाण्याचा पातळ थर मिळाला की नरपेशी शेपट्या हलवत चक्क पोहत निघतात. वाट कशी सापडते? जर्मन शास्त्रज्ञ पेफर यांनी 1884 साली दाखवलं, की कच्च्या सफरचंदात असतं ते मॅलिक आम्ल नेच्याच्या नरपेशींना ओढून घेतं. या दोन आयुष्यांचा मेळ विल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी 1851 साली नीट लावून दाखवला होता. ते व्यवसायाने प्रकाशक, वनस्पतिशास्त्र त्यांनी घरीच शिकून घेतलं होतं.

हे सगळं घरात बघता येतं. लेण्यांतून किंवा बारवांतून रोप मात्र उपटू नका. नर्सरीतून घ्या, पण घेताना पानाच्या कडेची घडी बघा. ती लांबट असेल तर आपला हंसराज. गोलसर, मूत्रपिंडासारखी असेल तर दक्षिण अमेरिकेचा पाहुणा, आणि नर्सऱ्यांत तोच जास्त मिळतो.

कुंडी मातीची घ्या. तळाला विटांचे तुकडे, वर पालापाचोळ्याचं कुजलेलं खत, थोडी वाळू आणि जुन्या चुन्याच्या गिलाव्याचा चुरा. जागा उत्तरेच्या भिंतीची, शक्यतो रांजणाजवळ किंवा मोरीजवळ. एप्रिल-मेची झळ त्याला पाण्याच्या तुटवड्याइतकीच जाचते, म्हणून ओल्या खडीच्या परातीत कुंडी ठेवा. तरी पानं करपली तर मुळाशी कापून टाका. जमिनीलगतचं खोड जिवंत असेल तर नवी पानं गुंडाळी सोडत वर येतात.

बीजाणूंसाठी एक वीट उकळत्या पाण्याने धुऊन गार करा, पसरट भांड्यात उकळून गार केलेल्या पाण्यात उभी ठेवा, तपकिरी धूळ वर शिंपडा आणि काचेची बरणी उपडी घाला. थेट ऊन नको. काही आठवड्यांत विटेवर हिरवी साय धरते, मग ती बदामी पाती दिसू लागतात. ती भरली की अधूनमधून बारीक फवारा मारा, कारण पाण्यावाचून नरपेशी पोहणार कशा? पात्याच्या पोटाखालून पहिलं चिमुकलं पान डोकावलं तरी बरणी लगेच काढू नका. रोज थोडी तिरपी करत रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावा आणि चार पानं फुटल्यावरच विटेवरून कुंडीत हलवा.