चढाचा हिशेब

रत्नागिरीत कुणी "उद्या वर जायचंय" म्हणालं, की कुठे असं विचारावं लागत नाही. वर म्हणजे घाटावर. कोल्हापूरला जायचं तर आंबा घाट, कऱ्हाडला जायचं तर चिपळूणहून कुंभार्ली, राजापूरकरांना अणुस्कुरा. साखरपा मागे पडलं की रस्ता वळणं घेऊ लागतो आणि समुद्राकाठी भरलेली गाडी थोड्या अंतरात दोन हजार फुटांच्या आसपास चढून जाते. खालून आंबा आणि मासळी वर, वरून भाजी, गूळ, दूध खाली. ही देवघेव पूर्वी बैलांच्या पाठीवरून होत असे. आता ती बरीचशी पिकअप नावाच्या गाडीच्या पाठीवरून होते. मागे उघडा हौदा, पुढे दोन माणसांची केबिन आणि काचेवर कुलदैवताचं नाव. आपल्या ताटात पडणाऱ्या बऱ्याच गोष्टी या हौद्यातून आलेल्या असतात.

बँकेत असताना कोकणातल्या शाखांमधून अशा गाड्यांच्या कर्जाचे पुष्कळ अर्ज माझ्या टेबलावरून गेले. अर्जात सगळं असे. इंजिन नंबर, चासी नंबर, कोटेशन, मार्जिन, दोन जामीनदार, त्यांचे सातबारा. एक आकडा मात्र त्या छापील फॉर्मात कुठेच विचारलेला नसे. आणि हप्ता वेळेवर येणार की नाही, हे बऱ्याच वेळा त्या आकड्यावर ठरे. तो आकडा गाडीच्या मागच्या आसात असतो.

मागून येणाऱ्याला पिकअपच्या दोन्ही मागच्या चाकांच्या मधोमध एक लोखंडी फुगवटा दिसतो. भोपळ्यासारखा. त्यात दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकलेली असतात. लहान ते पिनियन, मोठं ते क्राऊन. इंजिनाची शक्ती लांब दांड्यातून पुढून मागे येते आणि चाकं तर आडव्या आसावर फिरायची असतात. म्हणजे शक्तीला काटकोनात वळवायला हवं. गुहागर-मुरुडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत ज्यांनी जुना रहाट पाहिला असेल, त्यांना हे वेगळं सांगायला नको. रेडा जमिनीवर गोल फिरे, आडवं चाक फिरे, त्याच्या खुंट्या उभ्या चाकाच्या खुंट्यांत अडकत आणि विहिरीतलं पाणी पाटाला लागे. गाडीतही तेच. फक्त रेड्याच्या जागी डिझेल.

आता दात मोजू. क्राऊनला ४१ आणि पिनियनला १० दात असतील, तर दांडा ४.१ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. क्राऊनला ३९ आणि पिनियनला ८ असतील, तर दांड्याला जवळजवळ ४.८८ वेढे घालावे लागतात. यालाच आसाचा गिअर रेशो म्हणतात. आकडा मोठा तर ओढ जास्त आणि वेग कमी. आकडा लहान तर उलट. गिअरबॉक्समध्ये पहिला, दुसरा, तिसरा असा कुठलाही गिअर टाका, शेवटचा गुणाकार या दोन चाकांचाच. ४.१ वरून ४.८८ वर गेलात की प्रत्येक गिअरमध्ये, अगदी रिव्हर्समध्येसुद्धा, चाकाशी पोचणारी ओढ सुमारे १९ टक्के वाढते.

फुकट मात्र काही मिळत नाही. चाकाचा घेर २.१ मीटर धरा. ताशी ६० किलोमीटर वेगाला ते चाक मिनिटाला सुमारे ४७६ वेळा फिरतं. टॉप गिअर सरळ एकास एक असेल, तर ४.१ च्या आसाला इंजिन मिनिटाला साधारण १,९५० फेरे घेईल, ४.८८ च्या आसाला २,३२०. रस्ता तोच, वेग तोच, पण इंजिनाची धावपळ जास्त. आवाज जास्त, सपाटीवर डिझेलही जास्त. कर्जासारखंच आहे हे. आज हाती रोख मिळते, व्याज पुढे कापलं जातं.

हे काही आपल्या गल्लीतल्या मिस्त्रीने काढलेलं खूळ नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलीज कंपनीने जी जीप बनवली, तिच्या आसाचा रेशो ४.८८ होता. युद्ध संपताच, १९४५ मध्ये, त्याच कंपनीने तीच जीप शेतकऱ्यासाठी बाजारात आणली आणि रेशो केला ५.३८, म्हणजे ४३ भागिले ८. शिपाई उतरला आणि नांगर जोडला, तेव्हा कारखान्याने आधी आसातले दात बदलले! त्या जीपच्या पुढच्या भावंडांची जुळणी पुढे मुंबईत महिंद्रांकडे सुरू झाली आणि कोकणातल्या लाल मातीच्या रस्त्यांवर कित्येक वर्षं चाललेल्या गाड्या त्याच कुळातल्या.

जाता जाता एक गंमत. हे आकडे सरळ चार किंवा पाच का नसतात? क्राऊनला ४० आणि पिनियनला १० दात ठेवले, तर पिनियनचा एक ठरावीक दात दर वेळी क्राऊनच्या त्याच चार दातांना भेटत राहील. एकाला खोट असेल तर ती त्याच चौघांना खात बसेल. ४१ आणि १० असले की प्रत्येक दात आळीपाळीने प्रत्येकाला भेटतो आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. एकत्र कुटुंबात सासुरवाशिणींच्या कामाच्या पाळ्या लावणाऱ्या आज्यांना हे गणित न शिकवता येत असे.

लांज्याकडचा एक गाडीवाला माझ्या चांगल्या ओळखीचा. त्याने जुनी पिकअप घेतली, मासळी घेऊन कोल्हापूरला जाऊ लागला आणि सहा महिन्यांत दोन क्लच प्लेटा जाळून बसला. घाटात वळणावर गाडी थांबली की पुन्हा उचलताना क्लच अर्धा दाबून धरायचा, जळका वास केबिनमध्ये भरायचा आणि मागे बर्फ वितळायचा. प्लेट बदलायला गाडी दोन दिवस उभी, भाडं बुडालं, हप्ता पुढे गेला. तो इंजिनाला शिव्या देत होता. इंजिन उतरवायचं म्हणून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेला, आणि माझं कोल्हापुरात काम होतं म्हणून मीही त्याच्याबरोबर गेलो. तिथल्या मिस्त्रीने गाडीखाली शिरून पाहिलं, मागची दोन्ही चाकं उचलली, दांड्यावर खडूची रेघ मारली, दोन्ही चाकं सारखी एक फेरा फिरवायला लावली आणि रेघ किती वेळा वर येते ते मोजलं. मग हात पुसत म्हणाला, "इंजिनाला नावं ठेवू नका साहेब. इंजिन वाघ हाय. मागं दात हायवेचा हाय, आन् तुम्ही गाडी घालताय घाटात."

एवढं निदान करायला त्याला पाच मिनिटं लागली. काम मात्र दीड दिवस चाललं. मी स्टुलावर बसून त्यातलं बरंचसं पाहिलं. तेल काढलं, चाकांकडून आतले आस ओढून घेतले, दांडा सोडवला आणि तो भोपळा उघडला. क्राऊन आणि पिनियन नेहमी जोडीनेच घ्यायचे असतात. कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि एकाचा क्राऊन दुसऱ्याच्या पिनियनला चालत नाही. पत्रिका जुळवूनच हे लग्न लागतं. पण खरी कसोटी त्यानंतर. पिनियन किती आत बसवायचं ते पातळ पत्र्याच्या चकत्या घालून ठरवायचं. दोन दातांमध्ये थोडी मोकळीक लागते, तीही मिलिमीटरच्या पाव हिश्शाहून कमी, आणि ती घड्याळासारख्या गेजवर मोजायची. मग दातांना रंग फासून चाक फिरवायचं आणि रंग कुठे पुसला गेला ते पाहायचं. ठसा दाताच्या मधोमध पडला पाहिजे. टोकाकडे पडला किंवा मुळाशी पडला, तर पुन्हा सगळं सोडायचं, चकती बदलायची, पुन्हा बसवायचं. त्या मिस्त्रीने चार वेळा सोडलं. चौथ्या वेळी मी म्हटलं, "आता ठीक दिसतंय की." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दिसतंय ठीक. वाजंल." हे काम घाईने उरकलेली गाडी पुढे रस्ताभर रडत जाते आणि मग एक दिवस दात टाकते. जोडी बसल्यावरही तिला ९० नंबरचं योग्य तेल लागतं आणि पहिले काहीशे किलोमीटर हलक्या ओझ्याने, मध्ये थंड होऊ देत चालवून तेल बदलावं लागतं. चारही चाकांना शक्ती पोचवणारी जीप असेल, तर पुढच्या आसालाही नेमका तोच रेशो हवा. नाहीतर पुढची चाकं एक म्हणतात आणि मागची दुसरं.

गाडी परत आली. आंबा घाट तिने दुसऱ्या गिअरात, कुठेही न थांबता काढला. महिन्याभराने गाडीवाला पेढे घेऊन आला. "साहेब, ॲव्हरेजपण वाढलं! लिटरला बारा देते." पेढा खाल्ला, पण बारा काही गळ्याखाली उतरेना. अशा जुन्या गाड्यांत किलोमीटरच्या मीटरची वायर गिअरबॉक्सच्या मागून निघते, चाकातून नव्हे. दांडा पूर्वीपेक्षा १९ टक्के जास्त फिरला की मीटरही तेवढाच जास्त पळतो. शंभर किलोमीटर गेलात तर ११९ दाखवतो. म्हणजे मीटरचे बारा हे खरे दहाच. मीटरच्या वायरीच्या मुळाशी असलेलं छोटं दातेरी चाक बदललं की हिशेब सरळ होतो. ते त्याने बदललं. ॲव्हरेज गेलं, पण क्लच प्लेट त्यानंतर पुष्कळ टिकली.

उतारावरही याचा फायदा असतो. चढताना जो गिअर, उतरताना तोच गिअर, असं जुने ड्रायव्हर शिकवत. मोठ्या रेशोच्या आसाला इंजिन उतरणीवर गाडी अधिक घट्ट धरून ठेवतं, ब्रेक कमी तापतात. भरल्या गाडीने कुंभार्ली उतरताना ब्रेकचा वास ज्यांनी घेतला आहे, त्यांना हे किती मोलाचं ते कळेल.

मला काळजी वाटते ती मात्र याच्या पुढची. गाडी ओढायला लागली की मालकाला वाटतं, अजून थोडं भरावं. जांभ्याचा एक चिरा, आकारानुसार कमी-जास्त, तीसेक किलोंचा. दीड टनाच्या गाडीत पन्नास चिऱ्यांनी वजन पुरं होतं. खाणीवर शंभर भरलेली गाडी मी पाहिली आहे, आणि मालक अभिमानाने सांगत होता की दात बदलून घेतलाय. दात बदलल्याने ब्रेक मोठे होत नाहीत. पाटे जाड होत नाहीत. चाकाकडे जाणारा आस तोच राहतो आणि त्याच्यावर पिळ मात्र वाढतो. शिवाय आठ दातांचं पिनियन दहा दातांच्या पिनियनपेक्षा अंगाने लहान आणि म्हणून नाजूक. ओढ वाढते, ताकद वाढत नाही. कर्जत ते लोणावळा बोरघाटात गाडीला मागून जादा इंजिन लावतात, त्याला रेल्वेवाले 'बँकर' म्हणतात. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला ते नाव फार आवडतं. पण तिथे चढाला खरोखरच नवं बळ येतं. आसातला दात नवं बळ आणत नाही, आहे तेच वेगळ्या रीतीने खर्च करतो. घाटात ब्रेक गेलेल्या गाडीचा विमा, कर्ज, जामीनदार या सगळ्यांचं पुढे काय होतं, ते मला वर्णन करायचं नाही. बाई माहेरच्या जमिनीचा उतारा घेऊन शाखेत येऊन बसते, एवढंच सांगतो.

कायद्याचं एक. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. आसाचे दात त्या पुस्तकात दिसत नसले, तरी हात लावण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारून घ्यावं. गाडी वॉरंटीत असेल तर विषयच सोडावा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत इंजिन, वेग आणि धूर यांचा हिशेब संगणक ठेवतो. तिथे उद्यमनगरातला खडू पुरत नाही. नवी गाडी घेणाऱ्याने रंग आणि सीट कव्हर पाहण्याआधी आसाचा रेशो विचारावा. दुकानातला पोरगा गोंधळेल, पण माहितीपुस्तक काढायला लावावं. आणि दिसायला रुबाबदार म्हणून मोठे टायर चढवू नयेत. टायर दहा टक्के मोठा झाला की दात न बदलताही ओढ जवळपास तेवढीच कमी होते.

आता आमच्या लांज्याच्या मित्रापुढे वेगळाच पेच आहे. हंगामात आंबा वाशीला न्यायचा तर तीनशेहून जास्त किलोमीटर आणि पहाटेच्या बाजाराला पोचायचं. तिथे हा घाटाचा दात आड येतो. गाडी बोंबलते, पण पळत नाही. त्यात रस्ताही बदलला. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून रखडत रखडत पुढे सरकलं, कशेडीचा डोंगर चढण्याऐवजी २०२३ मध्ये त्याच्या पोटातल्या बोगद्यातून वाहनं जाऊ लागली. एक चढच नाहीसा झाला. तूर्त त्याने शेजाऱ्याशी ठरवून घेतलंय. शेजाऱ्याची गाडी हायवेच्या दाताची, ती दोघांच्या पेट्या घेऊन वाशीला जाते. याची घाटाची, ती दोघांची मासळी घेऊन कोल्हापूरला. भाडं वाटून घेतात, वहीत लिहून. वही मी तपासून देतो.

आणि जुनी क्राऊन-पिनियनची जोडी? ती त्याने भंगारात घातलेली नाही. भरपूर ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून पडवीत बाजेखाली ठेवली आहे. बायको दर दिवाळीला विचारते, हे लोखंड कधी काढणार. तो म्हणतो, आंबा घाटाच्या रस्त्याचं काय होतंय ते बघू आधी.