दहावीच्या गणिताचं नवं पुस्तक कोणत्या बॅचला? तुमचं मूल कुठे बसतं, समजून घ्या

राज्य मंडळाच्या शाळांमधली पुस्तकं एकदम नाही, टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. त्यामुळे एकाच घरात थोरल्याच्या दप्तरात जुनं गणित आणि धाकटीच्या दप्तरात नवं गणित, असं चित्र पुढची काही वर्षं दिसणार आहे. या बदलात दोन बॅच अशा आहेत, ज्या आठवीपर्यंत जुन्या पुस्तकांवर शिकतील आणि नववीत थेट नव्या पुस्तकावर जातील. तुमचं मूल त्यात आहे का, आणि असेल तर आतापासून काय करायचं, हे सोप्या भाषेत पाहूया.

वेळापत्रक काय सांगतं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार नवा अभ्यासक्रम लागू करण्याचा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ रोजी निघाला. त्यात दिलेले टप्पे असे :

- २०२५-२६ : पहिली
- २०२६-२७ : दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी
- २०२७-२८ : पाचवी, सातवी, नववी आणि अकरावी
- २०२८-२९ : आठवी, दहावी आणि बारावी

यादी वाचताना साधी वाटते. पण एकेका बॅचचा प्रवास मांडला की खरी गोष्ट कळते.

तुमच्या मुलाची बॅच कोणती?

२०२५-२६ मध्ये मूल कोणत्या इयत्तेत होतं, ते पाहा.

नववीत : दहावीला जुनंच पुस्तक. २०२७ ची बोर्ड परीक्षा जुन्या अभ्यासक्रमावर.

आठवीत : नववी आणि दहावी दोन्ही जुन्या पुस्तकांवर. २०२८ ची परीक्षा देणारी ही जुन्या अभ्यासक्रमाची शेवटची नियमित बॅच. यांची पुस्तकं आणि गाईड पुढे धाकट्या भावंडांना उपयोगी पडणार नाहीत.

सातवीत : आठवी जुनी, नववी नवी, दहावी नवी. २०२९ ला नव्या पुस्तकावर बोर्ड देणारी ही पहिली बॅच.

सहावीत : सातवी जुनी, आठवीही जुनी, कारण आठवीचं पुस्तक २०२८-२९ मध्ये बदलतं आणि तोवर ही मुलं नववीत गेलेली असतात. २०३० ची बोर्ड परीक्षा नव्या पुस्तकावर.

पाचवीत : सहावीपासून सलग नवी पुस्तकं. २०३१ ला बोर्ड देणारी ही पहिली बॅच, जिने सहावी ते दहावी सगळं नव्या पद्धतीनेच शिकलेलं असेल.

म्हणजे २०२९ आणि २०३० च्या बॅचना सहावी, सातवी, आठवीचं नवं गणित मिळतच नाही. इतिहासात एखादा धडा सुटला तरी पुढचा वाचता येतो. गणितात पायऱ्या एकमेकींवर उभ्या असतात, म्हणून हा प्रश्न या विषयात सर्वात जास्त जाणवेल.

जुनं आणि नवं, फरक नेमका कशात?

बालभारतीची सध्याची पुस्तकं नववीला २०१७ मध्ये आणि दहावीला २०१८ मध्ये आली. गणिताचे दोन भाग आहेत. दहावीच्या भाग १ मध्ये दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. भाग २ मध्ये समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन. दोन्ही भागांची ४०-४० गुणांची स्वतंत्र लेखी परीक्षा आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे.

नवी पुस्तकं तयार करताना एनसीईआरटीच्या पुस्तकांचा आधार घ्यायचा आणि राज्याच्या गरजेनुसार बदल करायचे, असं धोरण आहे. त्यामुळे वळण कुठे आहे हे पाहायचं असेल तर एनसीईआरटीचं ‘गणित प्रकाश’ उघडावं. सहावीचं पुस्तक २०२४ मध्ये आणि सातवी-आठवीची २०२५ मध्ये आली आहेत.

आपल्या पुस्तकांचा साचा ओळखीचा आहे : व्याख्या, प्रमेय किंवा सूत्र, सोडवलेली उदाहरणं, मग सरावसंच. ‘गणित प्रकाश’मध्ये आधी कोडं किंवा आकृतिबंध समोर येतो, मुलाने करून बघायचं, अंदाज बांधायचा आणि नियम त्यानंतर येतो.

उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. सहावीच्या ‘गणित प्रकाश’मध्ये देवळालीचे गणितशिक्षक द. रा. कापरेकर यांचा ६१७४ हा अंक आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि हेच पुन्हा करा. १३४९ घेतली तर :

९४३१ − १३४९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

तुम्ही दुसरी संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. इथे पाठ करायला सूत्र नाही. वजाबाकीचा सराव होतो आणि ‘असं का होतं?’ हा प्रश्न मुलाच्या डोक्यात राहतो. नव्या पुस्तकांचा भर या प्रश्नावर आहे. ज्या मुलांना तीन वर्षं याची सवय होईल त्यांना नववी ओळखीची वाटेल. सवय नसलेल्यांना सुरुवातीला ‘यात गणित कुठे आहे?’ असं वाटू शकतं.

पुस्तक बदलणं गरजेचं होतं का?

एक कारण दहावीच्या अर्थनियोजनाच्या धड्यातच आहे. हा धडा चांगला आहे, कारण जीएसटी, शेअर्स आणि म्युच्युअल फंड तो शाळेतच शिकवतो. पण २०१८ च्या पुस्तकात जीएसटीचे ५, १२, १८ आणि २८ टक्के असे दर आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे रद्द झाले. आता मुख्य दर ५ आणि १८ टक्के असून मोजक्या वस्तूंवर ४० टक्के आहे.

१,००० रुपयांच्या वस्तूवर १२ टक्क्यांनी १२० रुपये कर होतो, म्हणजे केंद्राचे ६० आणि राज्याचे ६०. तीच वस्तू ५ टक्क्यांत आली तर कर ५० रुपये, दोघांचे २५-२५. पद्धत तीच, दर बदलला. त्यामुळे सध्याच्या दहावीच्या मुलांनी गोंधळू नये. परीक्षेत प्रश्नात दिलेला दरच वापरायचा, दुकानातला नाही.

पहिल्या बॅचची काळजी का?

कारण मागचा अनुभव. दहावीचा अभ्यासक्रम याआधी बदलला तेव्हा पहिली परीक्षा मार्च २०१९ मध्ये झाली. राज्याचा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. याचं खापर गणितावर फोडता येणार नाही. त्या वर्षी भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढले होते, ते पुढच्या वर्षी परत द्यावे लागले. पण पुस्तक, प्रश्नपत्रिकेचा आराखडा आणि गुणांची पद्धत एकाच वेळी बदलली की पहिल्या बॅचला किती फटका बसू शकतो, हे तेव्हा दिसलं.

पहिल्या बॅचकडे मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका नसतात. शिक्षकही ते पुस्तक पहिल्यांदाच शिकवत असतात. बाजारात गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच लगेच येतात, पण ते अंदाजावर बेतलेले असतात.

उपाय नवा शोधायला नको. कोरोनाकाळात शाळा बंद राहिल्यावर २०२१ मध्ये एससीईआरटीने ४५ दिवसांचा सेतू अभ्यास तयार केला होता. २०२९ आणि २०३० च्या बॅचसाठी नववीच्या सुरुवातीला गणिताचा तसाच सेतू देता येईल. शाळेच्या पालकसभेत हा मुद्दा आताच मांडायला हवा.

पालकांनी आता काय करावं?

१. आठवीचा पाया पक्का करा. विस्तार सूत्रे, बैजिक राशींचे अवयव, एकचल समीकरणे, चलन, त्रिकोणांची एकरूपता, क्षेत्रफळ आणि घनफळ हे घटक कोणत्याही पुस्तकात नववीला लागतातच. पुस्तक बदलणार म्हणून आठवीकडे दुर्लक्ष नको.

२. नवी पुस्तकं मोफत पाहा. एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर ‘गणित प्रकाश’ इंग्रजी आणि हिंदीत मोफत आहे. सातवी-आठवीच्या मुलाने रविवारी त्यातली दोन कोडी सोडवली तरी पद्धतीची ओळख होते.

३. ई-बालभारती वापरा. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. सेमी इंग्रजीच्या मुलाला एखादी संकल्पना अडली तर तोच धडा मराठी माध्यमाच्या पुस्तकात वाचून पाहावा. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपवरचं साहित्य उघडतं.

४. भूमितीसाठी जिओजेब्रा. हे मोफत ॲप मोबाईलवर चालतं. त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने सरकवला की कोन बदलतात, पण बेरीज १८० अंशच राहते. हे डोळ्यांनी दिसलं की प्रमेय घोकावं लागत नाही.

५. खरेदीची घाई नको. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकं मोफत मिळतात, नववीपासून विकत घ्यावी लागतात. २०२७-२८ च्या नववीसाठी किंवा २०२८-२९ च्या दहावीसाठी जुनी पुस्तकं, गाईड किंवा क्लासच्या नोट्स आगाऊ घेऊ नका. पुस्तकावरचं आवृत्तीचं वर्ष पाहूनच पैसे द्या.

थोडक्यात

२०२७ आणि २०२८ ची बोर्ड परीक्षा : जुनं पुस्तक, भरपूर प्रश्नपत्रिका उपलब्ध, निश्चिंत अभ्यास करा.
२०२९ आणि २०३० : नववीत उडी, सेतू अभ्यासाची मागणी करा, आठवीचा पाया सांभाळा.
२०३१ पासून : सहावीपासूनच नवं गणित, उत्तराइतकाच ‘का?’ महत्त्वाचा.