संध्याकाळचा एक तास मुलींच्या खेळाचा

गेल्या महिन्यात तीन गावांच्या ताईंनी मला एकच प्रश्न विचारला. "आमच्या गावात मुलींसाठी कबड्डी-खोखो सुरू करायचंय, सुरुवात कुठून करू?" आज त्यावरच बोलूया.

बहुतेक ठिकाणी सुरुवात होते ती टी-शर्टपासून. वर्गणी काढायची, छातीवर गावाचं नाव छापायचं, नारळ फोडायचा, फोटो काढायचा. महिनाभरात मैदानावर पुन्हा मुलांचं क्रिकेट. माझं म्हणणं असं, की टी-शर्ट सगळ्यात शेवटी. आधी हे बघा की संध्याकाळी पाच ते सहा या वेळात आपल्या मुली कुठे असतात. पाणी भरतात, भाकरी थापतात, धाकट्याला कडेवर घेऊन उभ्या असतात. शाळेत आठवीपर्यंत पळणारी पोर नववीत गेली की घरातून हळूच सांगितलं जातं, "आता मोठी झालीस, पुरे झालं." ती खेळ सोडत नाही, तिचा खेळ सुटतो. आणि खेळ सुटला, की पाठोपाठ शाळा आणि मग स्थळं यायला लागतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

म्हणून पहिलं काम मैदानावरचं नाही, बचत गटाच्या बैठकीतलं आहे. एका गावातल्या गटांनी असं केलं: आठवड्याचे सहा दिवस न मागता तीनच मागितले. सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्या दिवशी मुलीच्या वाटणीचं पाणी भाऊ भरेल किंवा आई शेतातून अर्धा तास लवकर येईल, हे प्रत्येकीने बैठकीत सांगायचं आणि ते इतिवृत्तात लिहायचं. लिहिलेलं मोडायला जड जातं, हे कर्जाच्या हप्त्यावरून आपल्याला माहीतच आहे! तिथे एक आजी म्हणाल्या, "पोरीचं हातपाय मोडलं तर कोण करील?" त्यांच्यावर कुणी हसलं नाही. त्यांनाच मैदानाच्या कडेला बसायची विनंती केली. आता त्या सगळ्यात आधी येऊन बसतात.

खेळ कोणता, यावर फार डोकं लावू नका. कबड्डीला काहीच विकत घ्यावं लागत नाही. महिलांचं कबड्डीचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, म्हणजे साधारण ३९ फूट बाय २६ फूट. एका बाजूला ७ जणी खेळतात. खोखोला जागा जास्त लागते, २७ मीटर बाय १६ मीटर आणि दोन खांब, पण बसणाऱ्या-पळणाऱ्या मिळून खूप मुली एकदम गुंततात. खोखो तर आपल्या मातीतलाच. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये त्याचे नियम बसवले. धाराशिवची सारिका काळे खोखो खेळतच अर्जुन पुरस्कारापर्यंत गेली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खोखोचा पहिला विश्वचषक झाला, तो आपल्या महिलांनी जिंकला आणि कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. घरच्या पुरुषमंडळींना हे जरूर सांगा, उपयोग होतो.

जागा शक्यतो शाळेचीच घ्या. शाळा व्यवस्थापन समितीला गटाच्या लेटरहेडवर अर्ज द्या, त्यात दिवस आणि वेळ लिहा. खडे, काचा वेचून काढा, आदल्या संध्याकाळी पाणी मारा. रेषा आखायला चुन्याची फक्की वापरू नका, डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते. साधी रांगोळी चालते. भिंत किंवा दगडी ओटा रेषेच्या अगदी जवळ असेल तर मैदान सरकवा.

आता सुरक्षिततेचं. इथे मी जरा कडक बोलते. शिकवायला गावातला तरुण आला तर स्वागत आहे, पण प्रत्येक वेळी गटातल्या दोन बाया मैदानावर हजर पाहिजेत. एक नाही, दोन. वही ठेवायची: आज कोण आली, कोण आली नाही, घरी कुणाबरोबर गेली. दिवस मावळायच्या आत खेळ बंद. स्पर्धेला बाहेरगावी जाताना मुलीला एकटीला कुणाच्या गाडीवर बसवायचं नाही, ओळखीचा असला तरी. मुलींचे फोटो कुणीही आपल्या मोबाईलवर टाकायचे नाहीत. काही वावगं घडलं किंवा मुलीने काही सांगितलं, तर "गप बस, नाव खराब होईल" म्हणू नका. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे आणि १०९८ हा मदतीचा नंबर फुकट लागतो. तो मुलींना तोंडपाठ असू द्या.

खाण्याकडेही बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० मुलींपैकी ५९ जणींना रक्त कमी असल्याचं दिसलं. पळताना लगेच धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, ती पोर आळशी नसते. आशाताईंना सांगून रक्त तपासून घ्या. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी आठवड्याला घेतली जाते का ते विचारा, आणि गोळीवर लगेच चहा नको. खेळायच्या आधी मूठभर शेंगदाणे-गूळ पुरे. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही हे मुलीने ठरवायचं. जवळ आडोसा, पाणी आणि दोन-चार पॅड ठेवा. पाय मुरगळला तर लगेच तेल लावून चोळू नका. गार पाण्याचं फडकं, घट्टसर पट्टी, पाय उंचावर. सूज वाढली किंवा पाय टेकवत नसेल तर डॉक्टर.

पैशाचं थोडक्यात सांगते. गटाच्या बचतीला हात लावू नका, त्याने भांडणं होतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथे हा विषय लेखी मांडा.

आणि एक अडचण आपल्या भागातली. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुली संघातून गळतात आणि परत आल्यावर लाजून येत नाहीत. त्यांची नावं वहीतून खोडू नका. एका गावात तर जाणाऱ्या घरांना मुलीला आजीजवळ ठेवायला राजी केलं गेलं, पाच घरांपैकी दोन तयार झाली. उरलेल्या तीन मुली गुढीपाडव्याच्या सुमाराला परततील. कोणत्या ताईने कोणत्या घरी बोलवायला जायचं, ते तिथल्या बैठकीत आताच ठरलेलं आहे.