कोर्टातील लॅटिन

आमच्या घरी ट्रंकेत कोर्टाचा एक जुना कागद आहे. बांधाच्या वादातला. समन्स आले होते. पण पेरणीच्या धांदलीत वडील तारखेला गेले नाहीत. पुढे हा इंग्रजी कागद हाती आला. त्यातील ‘एक्स पार्टी’ हे शब्द गावात कोणाला उलगडेनात. ‘पार्टी’ म्हणजे आपला पक्ष, अशा समजुतीने वडिलांनी तो जपून ठेवला. पुढे एका वकिलांनी मला अर्थ सांगितला: गैरहजेरीत झालेला एकतर्फी निकाल. तो रद्द करून घेण्याच्या अर्जाला मुदत तीस दिवसांची! ती केव्हाच टळली होती.

तेव्हापासून मला या शब्दांचा नाद लागला. ते आपल्याकडे इंग्रजी अमलाबरोबर आले. म्हणून प्रथम इंग्लंडकडेच पाहू. तेथेही सामान्य माणसाची हीच तक्रार होती. 1362 च्या कायद्याने कोर्टातील फ्रेंच जाऊन युक्तिवाद इंग्रजीत आला, पण दप्तर लॅटिनमध्येच राहिले. 1731 च्या कायद्याने 1733 पासून दप्तरही इंग्रजी झाले. तरी सुटे लॅटिन शब्द चिकटून राहिले. अखेर लॉर्ड वूल्फ यांच्या 1996 च्या अहवालानंतर 26 एप्रिल 1999 पासून दिवाणी कामकाजाचे नवे नियम आले आणि त्यांत साधे शब्द योजले गेले.

‘सबपीना’ म्हणजे मुळात ‘शिक्षेच्या धाकाखाली’. त्याच्या जागी ‘विटनेस समन्स’ आले. ‘इन कॅमेरा’ सुनावणीत चित्रीकरण होत असावे, असे मीही समजत होतो. लॅटिनमध्ये ‘कॅमेरा’ म्हणजे खोली. अर्थ अगदी उलटा, बंद दाराआड. तेथे आता ‘इन प्रायव्हेट’ म्हणतात. ‘एक्स पार्टी’ अर्जाला ‘विदाउट नोटिस’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्या बाजूला न कळविता केलेला. वडिलांना तर समन्स मिळाले होते! अशा निकालाला तेथे ‘डिफॉल्ट जजमेंट’ हे निराळे नाव आहे. म्हणजे आपल्याकडे एकाच लॅटिन शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी नांदतात. साधा शब्द शोधू लागताच त्या वेगळ्या दिसतात.

मग सारेच लॅटिन टाकावे काय? मला तसे वाटत नाही. अटकेतील माणसाला न्यायाधीशापुढे हजर करा, हे सांगणारे ‘हेबियस कॉर्पस’ इंग्लंडनेही ठेवले आहे. आपल्या घटनेच्या 32 व्या कलमातही ते नावानिशी आहे. त्या दोन शब्दांमागे शतकांची झुंज आहे. पण तेथेही अर्थ शेजारी लिहायला काय हरकत आहे?

‘एकतर्फी’ हा शब्द आमच्या गावात पोराटोरांनाही कळतो. कागदावर तेवढा एक असता, तर वडील दुसऱ्या दिवशीच तालुक्याला गेले असते.