तिखटमिठाचे व्हीगन वॉफल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

खाचा पाडलेल्या दोन तापलेल्या पाट्यांमध्ये दाबून दोन्ही बाजूंनी एकदम भाजलेले पीठ म्हणजे वॉफल. पाट्यांवरच्या उंचवट्यांमुळे पिठाचा पृष्ठभाग वाढतो. कुरकुरीत होणारा भाग जास्त आणि आतला मऊ भाग कमी, असा हा पदार्थ बनतो. त्याची ओळख या घडणीत आहे. ते गोड की तिखट, त्यात अंडे आहे की नाही, हा पुढचा प्रश्न. भारतात मात्र वॉफल चॉकलेटने माखूनच दुकानांत आले. पुढे घरी यंत्र आल्यावर ज्यांनी त्यात बेसन, इडलीचे पीठ किंवा भाजणी घालून पाहिली, त्यांच्या वाट्याला बरेचदा चामट, चिकटलेले किंवा उघडताना मधोमध दुभंगलेले वॉफल आले. अंडे नव्हते म्हणून असे झाले, असा निकाल लगेच लावला जातो. बहुतेक वेळा बिघाड पाण्याचा असतो.

“वॉफल मुळात गोडच”

चौदाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये लिहिल्या गेलेल्या ‘ल मेनाजिए द पारी’ या घरगुती व्यवहाराच्या पुस्तकात वॉफलच्या काही कृती आहेत. त्यांतल्या एका कृतीत पिठाच्या दोन थरांमध्ये चीज घालायला सांगितले आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या लोकांमध्ये वॉफलवर शिजवलेली कोंबडी आणि तिचा दाट रस्सा घालून खाण्याची रीत आहे. म्हणजे तिखटमिठाचे वॉफल हा कुणा भारतीय हौशी स्वयंपाक्याचा खटाटोप नव्हे. अंड्याचेही तसेच. कॅथलिक मिस्सेत वाटली जाणारी पातळ चकती बिजागरीच्या लोखंडी साच्यात भाजली जाई, आणि तिच्यात गव्हाचे पीठ व पाणी यांखेरीज काही नसते. वॉफलचा साचा याच घराण्यातला.

“बिनअंड्याचे, म्हणजे व्हीगनच की”

भारतातला हा सर्वांत रुळलेला घोटाळा. बिनअंड्याच्या वॉफलमध्ये दूध, दही, ताक, लोणी यांपैकी काहीतरी हमखास असते. ‘व्हीगन’ हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला तो दूध आणि अंडी दोन्ही वर्ज्य करणाऱ्यांसाठीच. भारतात पाकिटावरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो आणि त्यात दुधाला मुभा आहे. व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळे चिन्ह अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये आणले. तयार वॉफलच्या पिठात दुधाची पावडर असू शकते, त्यामुळे घटकांची यादी वाचल्याशिवाय भरवसा ठेवू नये. घरच्या कृतीत दूध चोरवाटेने शिरते ते फोडणीच्या तुपातून, रवा भिजवायच्या दह्यातून आणि वर सोडलेल्या लोण्याच्या गोळ्यातून. मधही व्हीगन आहारात बसत नाही. पण तिखटमिठाच्या वॉफलमध्ये त्याचे फारसे काम पडत नाही.

“अंडे नाही तर वॉफल धरणार कशाने?”

या शंकेला आधार आहे. अंडे वॉफलमध्ये तीन कामे करते. त्यातली प्रथिने तापली की घट्ट होतात आणि पिठाला सांगाडा देतात. फेटल्यावर हवा धरतात. आणि बलकातले लेसिथिन तेल व पाणी एकजीव ठेवते. एकाच पदार्थात ही तिन्ही कामे दुसरे काही क्वचितच करते. म्हणून अंड्याच्या जागी अमुक एक वस्तू घाला, या सल्ल्यातच मेख आहे.

जवसाचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून ‘एका अंड्याऐवजी’ वापरायला सांगतात. विदर्भ-मराठवाड्यात जवस घरचेच, चटणीतले. त्यामुळे हा उपाय सोपा वाटतो. जवसाच्या सालीत पाणी शोषून बुळबुळीत होणारा पदार्थ असतो आणि तो पीठ बांधून धरतो, हे खरे. पण तापल्यावर तो अंड्यासारखा घट्ट होत नाही, हवाही फारशी धरत नाही. मैद्याच्या वॉफलमध्ये त्याने निभावते, कारण सांगाडा ग्लुटेन देते. ज्वारीच्या किंवा तांदळाच्या पिठात नुसत्या जवसावर विसंबले की वॉफल बाहेरून भाजलेले आणि आत गिच्च राहते.

बेसनाची गोष्ट वेगळी. त्यात दर शंभर ग्रॅममागे सुमारे २० ते २२ ग्रॅम प्रथिने असतात. तापल्यावर ही प्रथिने घट्ट होतात आणि पिठातला स्टार्चही पाणी शोषून फुगतो, त्यामुळे बेसन आपल्या आपण धरते. महाराष्ट्रातल्या हॉटेलांत मिळणारे ‘टोमॅटो ऑम्लेट’ हा याचा रोजचा पुरावा आहे: त्यात अंड्याचा थेंब नसतो, तरी ते तव्यावर अखंड उलटते. हरभरा शिजवलेल्या पाण्याला फेटून अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो, हे फ्रान्समधील जोएल रोसेल यांनी २०१४ मध्ये दाखवले आणि पुढच्या वर्षी त्या पाण्याला ‘अ‍ॅक्वाफाबा’ हे नाव पडले. छोले उकडून उरलेले दाटसर पाणी मोरीत न ओतता त्यातच बेसन भिजवले, तर वॉफल थोडे हलके होते. मात्र हे पाणी अनिवार्य नाही. तीनचार तासांनी फेस बसलेला पाहून हळहळण्यापेक्षा साधे पाणी बरे.

उडदाच्या डाळीचा मार्ग याहून जुना. भिजवून वाटलेल्या उडदातली प्रथिने आणि चिकट शर्करा मिळून वायूचे बुडबुडे धरून ठेवतात. इडली फुगते ती यामुळेच. पीठ आंबवण्याचे काम मुख्यतः ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा जिवाणू करतो. आंबटपणा आणि वायू दोन्ही तोच पुरवतो. सांगाडा धरणे आणि हवा कोंडणे, ही अंड्याची दोन कामे अशी परस्पर उरकली जातात. तिसऱ्यासाठी चमचाभर तेल पिठात नीट फेटले की पुरते.

“डोशाचे पीठ आहे, तेच ओतावे”

इथे पहिली खरी फसगत होते. डोसा पातळ पसरतो, त्याची वरची बाजू उघडी असते आणि पाणी झटकन उडून जाते. वॉफलचे यंत्र झाकलेले असते. पीठ दुप्पट-तिप्पट जाड, वाफेला वाट कडेच्या फटीतूनच. पातळ पिठातले पाणी उडेपर्यंत बाहेरचा भाग सुकून चामड्यासारखा होतो. म्हणून पीठ इडलीचे हवे: पळीतून सोडल्यावर धार न धरता गोळ्यागोळ्याने पडणारे. डोशाला तेल तव्यावर सोडतात. वॉफलला ते पिठातच लागते. दोन वाट्या पिठाला दोन मोठे चमचे तेल हवे, ते कमी केले की कुरकुरीतपणा गेलाच. पाट्यांना वरून लावलेल्या तेलाने ही भर निघत नाही.

बेसनाच्या वॉफलचे एक प्रमाण हाताशी असावे. दीड वाटी बेसन, अर्धी वाटी तांदळाचे पीठ, दोन मोठे चमचे तेल, मीठ, हळद, ठेचलेले आले-मिरची, अर्ध्या लिंबाचा रस आणि साधारण दीड वाटी पाणी, तेही थोडे थोडे. बेसनाच्या जातीप्रमाणे पाणी कमीजास्त लागते. तांदळाचे पीठ चव नव्हे तर कुरकुरीतपणा देते. नुसत्या बेसनाचे वॉफल निवताच ढोकळ्याच्या अंगाने जाते. कालवून वीस मिनिटे ठेवल्याने बेसन पाणी पिते, गुठळ्या विरतात आणि कच्चट वास कमी येतो. आंबवलेल्या पिठाला हे थांबणे लागत नाही.

थालीपिठाची भाजणी ही याहून खमंग निवड, पण जरा हट्टी. धान्ये आणि डाळी आधीच भाजलेल्या असल्याने भाजणी पाणी जास्त पिते आणि तिची पकड कमी असते. थापलेले थालीपीठ बोटांच्या दाबाने टिकते, ओतलेल्या पिठाला तो आधार नाही. भाजणीत तिच्या पाव भाग बेसन मिसळले की वॉफल उचलताना तुटत नाही.

“सोडा जास्त, तर वॉफल हलके”

खाण्याच्या सोड्याला आंबट लागते. ते नसेल तर न वापरलेला सोडा तसाच राहतो आणि चव साबणासारखी लागते. हळद इथे चहाडी करते: तिच्यातला कुर्क्युमिन हा घटक क्षारात लालसर होतो, म्हणून बेसनाच्या पिठात सोडा नीट मिसळला नाही किंवा जास्त झाला की वॉफलवर तांबूस ठिपके उठतात. आंबटासाठी ताकाची गरज नसते. लिंबू, आमचूर, चिंचेचा कोळ किंवा आमसुलाचे आगळ, काहीही चालते. आगळात मीठ असते, तेवढे पिठातले कमी करावे. फ्रूट सॉल्टमध्ये सोडा आणि सायट्रिक आम्ल दोन्ही असल्याने वेगळे आंबट लागत नाही. दोन वाट्या पिठाला एक लहान चमचा, तोही यंत्र तापल्यावर अगदी शेवटी. आधी घातला तर वायू भांड्यातच निघून जातो. आणि हे सारे फुगण्यापुरते. कुरकुरीतपणा सोड्याने येत नाही, पाणी गेल्याने येतो.

“मसाला आणि भाज्या सढळ हाताने”

पाट्यांचे तापमान साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस असते. लाल तिखट आणि बारीक चिरलेला लसूण एवढ्या उष्णतेत पाच-सहा मिनिटे पाटीला चिकटून राहिले तर करपून कडवट होतात. लसूण ठेचून पिठात मुरवावा, तिखटाचा निम्मा वाटा हिरव्या मिरचीकडे द्यावा. मोहरी, जिरे, हिंग आणि कढीपत्त्याची फोडणी तेलात करून ती गार झाल्यावर पिठात घालणे सर्वांत फायद्याचे, कारण मसाल्यांतले बरेच सुगंधी घटक पाण्यापेक्षा तेलात चांगले उतरतात, आणि ते तेल एरवीही घालायचेच असते. अखंड कढीपत्ता मात्र नको. तो पाटीवर सपाट बसतो आणि तिथे वॉफल चिकटते.

भाज्यांच्या बाबतीत पुन्हा पाणीच. किसलेला दुधी, काकडी, चिरलेला कांदा मीठ लागताच पाणी सोडतात. भाजी मीठ लावून दहा मिनिटांनी पिळावी आणि निघालेल्या पाण्यातच पीठ कालवावे: चव वाया जात नाही आणि पाण्याचा अंदाज आधीच कळतो. मेथी, कोथिंबीर, मक्याचे भरड दाणे, किसलेले गाजर यांना एवढी काळजी लागत नाही. उकडलेला बटाटा कुस्करून घातल्यास वॉफल मऊच राहते. बटाट्याची भाजी वरून वाढणे शहाणपणाचे.

“दिवा लागला, उघडा”

यंत्रावरचा दिवा पाट्या तापल्याचे सांगतो, आतले पीठ शिजल्याचे नव्हे. खरी खूण वाफेची. पीठ ओतल्यावर कडेने जोरात निघणारी वाफ जवळजवळ थांबते तेव्हा वॉफल तयार होते. बेसनाला मैद्यापेक्षा मिनिट-दोन मिनिटे जास्त लागतात. त्याआधी झाकण उचलले की वरचा पापुद्रा एका पाटीला, खालचा दुसरीला, आणि मग अंडे नसल्याचे बोल. झाकण अडते आहे असे वाटले तर ओढू नये, आणखी मिनिटभर थांबावे. पाण्याचा थेंब पडताच चुरचुरून उडेल इतकी पाटी तापलेली असेल आणि तिला ब्रशने तेल लावलेले असेल तर न चिकटणाऱ्या पाटीवर काम अडत नाही. फवाऱ्याच्या डब्यातल्या तेलात लेसिथिन असते, त्याचा चिकट थर वारंवार वापराने पाटीवर साचतो. तो दिसू लागला की नवे वॉफल तिथेच धरू लागते.

ग्लुटेनबद्दल एक इशारा द्यायला हवा. बेसन, तांदूळ, ज्वारी, उडीद यांत ग्लुटेन नाही, पण रव्यात आहे, आणि बाजारातल्या बांधणी हिंगात बरेचदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. सीलिअॅक आजार असलेल्यांसाठी ‘व्हीगन’ हे लेबल पुरेसे नाही. तसेच, तळण टळले म्हणून वॉफल आपोआप हलके ठरत नाही: पिठातले तेल आणि सोबतची नारळाची चटणी दोन्ही मोजावीत. व्हीगन आहारात ब-१२ जीवनसत्त्व वेगळे घ्यावे लागते, ते बेसनाने किंवा आंबवण्याने भरून निघत नाही.

तयार वॉफल ताटात एकावर एक रचल्यास खालच्यांची वाफ वरच्यांत कोंडते आणि काही मिनिटांत सारी मऊ पडतात. ती जाळीवर सुटी ठेवावीत. घरात ओव्हन असेल तर शंभर अंशांवर, जाळीसकट. हिरवी चटणी, शेंगदाण्याची चटणी, मटकीची उसळ किंवा नारळाच्या दुधातली भाजी वॉफलवर ओतण्यापेक्षा शेजारी वाढावी. जोडीला पेला सोलकढीचा, ज्यात नारळाचे दूध आणि आमसूल असते आणि दुभत्याचा अंशही नसतो. उरलेली वॉफल पूर्ण गार करून, मध्ये कागद घालून फ्रीजरमध्ये ठेवता येतात. पुन्हा खाताना थेट टोस्टरमध्ये किंवा त्याच यंत्रात दोन-तीन मिनिटे तापवावीत. मायक्रोवेव्हमध्ये ती गरम होतात, पण रबरासारखी.