गोळी चालू, तरी विषाणू का उरतो?
एचआयव्हीची मोफत औषधं देशात १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. आज टोकावड्यासारख्या खेड्यातल्या रुग्णालाही सहसा रोज एकच गोळी पुरते: टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्रॅव्हिर. रक्तात विषाणू सापडेनासा होतो. पण काही सीडी-४ (रोगप्रतिकारक) पेशींच्या डीएनएतच तो दडी मारून बसतो. गोळी वाढत्या विषाणूला रोखते, झोपलेल्याला हात लावत नाही. झोपलेल्या विषाणूचा हा साठा निम्मा व्हायलाच सुमारे ४४ महिने लागतात. कामासाठी वीटभट्टीवर गेल्यावर गोळ्यांत खंड पडला, की बहुतेकांत काही आठवड्यांत विषाणू पुन्हा उसळतो. बर्लिनमध्ये एचआयव्हीबाधित टिमोथी ब्राउन अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने बरे झाले खरे, पण ते जोखमीचे उपचार रक्ताच्या कर्करोगासाठी होते; आणि दात्यातला, विषाणूला पेशीत शिरू न देणारा सीसीआर-५ जनुकबदल भारतीयांत जवळपास आढळतच नाही.